इटालियन शब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा?

अनुजा_तोरिनो:
नमस्कार मंडळी. आम्ही तोरिनोला राहतो, मुलगी इथल्या सरकारी शाळेत पहिलीला आहे. इटालियन शाळेत वाचनाची सुरुवात मा-मे-मी-मो-मू, सा-से-सी-सो-सू अशी होते, म्हणजे जवळजवळ आपली बाराखडीच. त्यामुळे घरी मराठी गिरवणाऱ्या पोरीला सुरुवातीला काहीच अडलं नाही. आता गृहपाठात शब्द येतात आणि वर सूचना असते, 'दिवीदी इन सिल्लाबे', सिल्लाबांमध्ये, म्हणजे एका झटक्यात उच्चारायच्या तुकड्यांमध्ये, तोडा. वर्गात टाळ्या वाजवत तोडतात. ती 'माम्मा' हा शब्द मा-म्मा असा तोडते, बाई तो माम्-मा करून देतात. 'नॉत्ते' म्हणजे रात्र, ती नॉ-त्ते करते, बाईंना नॉत्-ते हवं असतं. पण 'पास्ता' मात्र पा-स्ता असाच तोडायचा, तिथे पास्-ता चालत नाही. ती मला विचारते, "आई, म्मा तुटतो तर स्ता का तुटत नाही?" तिला पटेल असं उत्तर हवं आहे.

दुसरा प्रश्न माझा स्वतःचा. जोर कुठे द्यायचा हे लिहिलेल्या शब्दावरून कळतच नाही. टेबलाला 'तावोलो' म्हणतात तेव्हा जोर 'ता'वर, 'आमोरे' म्हणताना 'मो'वर. याला काही नियम आहे की प्रत्येक शब्द पाठच करायचा?

शब्दवेल्हाळ:
अनुजाताई, तुमच्या लेकीने अगदी बरोबर जागी बोट ठेवलं आहे. ती देवनागरीच्या नियमाने तोडते आहे, आणि देवनागरीच्या नियमाने मा-म्मा हे बरोबरच आहे. आपल्या लिपीत जोडाक्षर फुटत नाही, दोन्ही व्यंजनं पुढच्या स्वराला जाऊन चिकटतात. 'पुस्तक' लिहिताना आपण पु-स्त-क अशी तीन अक्षरं मोजतो. पण तोंडाने म्हणून बघा, 'स' पहिल्या भागात जातो, पुस्-तक. सिल्लाबा हा तोंडाचा हिशेब आहे, अक्षर हा लिपीचा. हे दोन हिशेब वेगळे आहेत एवढं मुलीला सांगितलं की अर्धं काम झालं.

आता इटालियन शाळेतला हिशेब. (पुढे सगळीकडे जोर असलेला तुकडा चौकोनी कंसात लिहितो.)

प्रत्येक सिल्लाब्यात स्वर हवाच. दोन स्वरांमध्ये एकटं व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं: [का]-सा, आ-[मो]-रे, ली-[मो]-ने. द्वित्त असेल तर मधोमध तुटतं: [माम्]-मा, [नॉत्]-ते, [तूत्]-तो. पाण्याला 'आक्क्वा' म्हणतात, तिथे लिहिताना सी आणि क्यू अशी दोन वेगळी अक्षरं येतात, पण ते द्वित्तच, म्हणून [आक्]-क्वा. ल, म, न, र यांच्यापुढे दुसरं व्यंजन आलं तर तेही तुटतं: [काम्]-पो, [पार्]-ते, [आल्]-तो. उलट व्यंजनाच्या मागून र किंवा ल आला तर जोडी अभंग राहते: [ली]-ब्रो, [मा]-द्रे. तीन व्यंजनं आली तरी हाच न्याय, [आल्]-त्रो, [कॉन्]-त्रो.

आणि 'स'च्या मागून कुठलंही व्यंजन आलं तर शाळेच्या नियमाने 'स' त्याच्याबरोबर पुढे जातो: [पा]-स्ता, फी-[ने]-स्त्रा, ओ-स्पे-[दा]-ले. यामागचं सूत्र असं की ज्या जोडीने एखादा इटालियन शब्द सुरू होऊ शकतो ती जोडी फोडायची नाही. 'स्ता'ने, 'ब्रा'ने, 'द्रा'ने शब्द सुरू होतात. 'म्मा'ने किंवा 'म्पा'ने एकही होत नाही. मुलीला हाच खेळ द्या: "या तुकड्याने सुरू होणारा शब्द तुला माहीत आहे का?" 'स्त'ने सुरू होणारा 'स्तेल्ला', चांदणी, तिला नक्की येत असेल. मग 'स्त' फोडायचा नाही.

स्वरांगी:
शब्दवेल्हाळ, सूत्र आवडलं, पण 'पा-स्ता'बद्दल थोडं बोलायचं आहे. मी पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकते आणि इटालियन गाणी सतत गळ्यात असतात. छापील स्वरलिपीत प्रत्येक सुराखाली सिल्लाबा तोडून, मध्ये छोटी रेघ देऊन लिहिलेला असतो, आणि तिथे 'स' नेहमी पुढच्या तुकड्यात. लांब सुरावर 'पा' धरून ठेवायचा आणि 'स्ता' पुढच्या सुराला म्हणायचा. गाण्यासाठी हे सोयीचं आहे.

पण बोलताना असं होत नाही. इटालियनमध्ये जोर असलेला तुकडा उघडा असेल, म्हणजे स्वरावर संपत असेल, आणि तो शब्दाच्या शेवटी नसेल, तर त्याचा स्वर चांगला लांबतो. 'मा-द्रे'मधला मा ऐका, तो 'माऽद्रे' असा येतो. 'कासा' (घर) मध्ये काऽ, 'कास्सा' (गल्ला) मध्ये का आखूड आणि स वर तोल. आता 'पास्ता' ऐका. त्यातला 'पा' आखूड आहे, 'कास्सा'सारखा. म्हणजे कानाला तो तुकडा बंद ऐकू येतो, पास्-ता. लेकीचा कान चुकीचं सांगत नाहीये.

शब्दवेल्हाळ:
स्वरांगी, बरोबर आहे, आणि याला आणखी दोन भक्कम पुरावे भाषेतच आहेत. इटालियनमध्ये पुल्लिंगी नामाआधी साधारणपणे 'इल' लागतं: इल लीब्रो, इल काने. पण 'स' आणि व्यंजन यांनी सुरू होणाऱ्या शब्दाआधी 'लो' लागतं: लो स्तुदेंते, लो स्पेक्क्यो. 'स'ला आधीच्या स्वरावर टेकायचं असतं, म्हणून आधी स्वरान्त शब्द लागतो. बोलताना तो लोस्-तु-देन्-ते असा पडतो. दुसरा पुरावा जुन्या लेखनातला. आधीचा शब्द व्यंजनान्त असेल तर 'स'ला टेकू म्हणून चक्क एक 'इ' घालत. 'लेखी' या अर्थाचा 'पेर इस्क्रित्तो' हा प्रयोग आजही तसाच चालतो, नुसता 'स्क्रित्तो' नाही. आपल्या गावाकडे 'इस्टो', 'इस्टाप' म्हणतात तिथेही तीच 'इ' आहे.

तेव्हा लिहिताना पा-स्ता, उच्चारात पास्-ता. ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याबद्दल इटलीच्या प्रमाणन संस्थेचा १९६९ चा एक नियमही आहे, छापखाने आणि शाळा दोन्ही त्याच वाटेने जातात. परीक्षेत पा-स्ताच लिहायचं.

आता मराठी वाचकांसाठी मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट सांगतो. शाळेत लघु-गुरू शिकताना आपण एक नियम घोकला होता: जोडाक्षराआधीच्या अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू, नाहीतर लघुच. 'पुष्प'मधला पु गुरू, कारण उच्चार पुष्-प. 'तुझ्या'मधला तु मात्र लघु, कारण झ्या सगळाच्या सगळा पुढे जातो, तु-झ्या. इटालियनमधला 'काम्-पो' आणि 'ली-ब्रो' यांच्यातला फरक नेमका हाच आहे. आपल्या वृत्तशास्त्राला बंद आणि उघडा तुकडा उत्तम ठाऊक आहे, फक्त आपली लिपी तो दाखवत नाही. ज्याला मात्रा मोजता येतात त्याला इटालियन सिल्लाबा तोडता येतो, असं मी ठामपणे म्हणेन.

मिलिंद_पाविया:
वाचतोय. जोराबद्दल मीही लिहितो, कारण इथे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलांना सर्वात आधी तोच अडतो, आणि तोही गावांच्या नावांत. मिलानोचा तिसरा विमानतळ बेर्गामोजवळ आहे. सगळे येताना 'बेर्-गा-मो' म्हणत 'गा'वर जोर देतात. गावाचं नाव [बेर्]-गा-मो आहे. तसंच [पा]-दो-वा, [मो]-दे-ना, [जे]-नो-वा, [ना]-पो-ली, [ऊ]-दी-ने, [ब्रिन्]-दी-सी. आणि दुसरीकडे मी-[ला]-नो, तो-[री]-नो, वे-[रो]-ना, बो-[लो]-न्या, पा-[लेर्]-मो. तिकीट खिडकीवर जोर चुकला की समोरचा क्षणभर गोंधळतो, कारण इटालियन कान शब्द ओळखतो तो आधी जोरावरून.

गंमत म्हणजे खुद्द इटालियन लोकांतही यावर वाद असतात. सार्दिनियातलं नूओरो, त्याचा जोर 'नू'वर, [नू]-ओ-रो, पण मुख्य भूमीवरचे कित्येक जण नू-[ओ]-रो म्हणतात. फ्रिउली प्रदेशाचं नाव फ्री-[ऊ]-ली, फ्रीवर जोर दिला की तिथले लोक लगेच दुरुस्त करतात. सिसिलीतलं बेलीचे खोरं १९६८ च्या जानेवारीतल्या भूकंपाने देशभर माहीत झालं. स्थानिक उच्चार बे-[ली]-चे, पण बातम्यांमधून [बे]-ली-चे पसरला आणि आजही दोन्ही ऐकू येतात.

अनुजाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नियम आहेत, पण पूर्ण नाहीत.

शब्दवेल्हाळ:
मिलिंदने बरोबर सांगितलं. आधी नावं बघू या. शेवटच्या तुकड्यावर जोर असेल तर शब्द 'त्रोंका': चीत्-[ता], पेर्-[के], काफ्-[फे]. शेवटून दुसऱ्यावर असेल तर 'प्याना', आणि बहुसंख्य इटालियन शब्द याच गटातले. शेवटून तिसऱ्यावर असेल तर 'झ्द्रूच्च्योला', म्हणजे घसरणारा: [ता]-वो-लो, [मू]-झी-का, [सा]-बा-तो, दो-[मे]-नी-का. चौथ्यावर, 'बिझ्द्रूच्च्योला', बहुतेक क्रियापदांत भेटतो: ते-[ले]-फो-ना-नो, ते फोन करतात. आणि क्रियापदाला सर्वनामं चिकटली तर जोर आणखी मागे राहतो. 'मला ते बनवून दे' याला [फाब्]-ब्री-का-मे-लो, इथे शेवटून पाचवा.

लिहिताना खूण सक्तीची आहे ती फक्त त्रोंका शब्दांवर आणि काही एकतुकडी शब्दांवर. बाकी सगळं वाचणाऱ्याच्या माहितीवर सोडलेलं आहे. म्हणून [सू]-बी-तो म्हणजे 'लगेच' आणि सू-[बी]-तो म्हणजे 'सोसलेलं' हे दोन शब्द कागदावर हुबेहूब एकसारखे दिसतात. [आन्]-को-रा हा जहाजाचा नांगर, आन्-[को]-रा म्हणजे 'अजून'. [प्रिन्]-ची-पी राजपुत्र, प्रिन्-[ची]-पी तत्त्वं. [पेर्]-दो-नो म्हणजे ते हरतात, पेर्-[दो]-नो म्हणजे क्षमा. आणि सर्वांत देखणं त्रिकूट: [का]-पी-तो म्हणजे मी सहज येऊन पोचतो, का-[पी]-तो म्हणजे समजलं, का-पी-[तो] म्हणजे घडलं. मराठीत जोर हलवल्याने असा अर्थ पालटत नाही, म्हणून आपल्या कानाला ही सवय मुद्दाम लावावी लागते.

सालेल_मडगाव:
नमस्कार, मी गोव्याचा. घरात आजीची पोर्तुगीज होती, ती ऐकत वाढलो, आता इटालियन शिकतोय. मला या धाग्यात एक भर घालायची आहे, कारण गोव्यातल्या पुष्कळांना ती उपयोगी पडेल. पोर्तुगीजमध्ये शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जोर असलेल्या प्रत्येक शब्दावर खूण लिहावीच लागते. मूझिका, साबादो, मेदिकू, नूमेरू, सगळ्यांवर. इटालियनमध्ये तेच शब्द, त्याच जागी जोर, पण खूण नाही. ज्यांना पोर्तुगीज लेखन ठाऊक आहे त्यांनी डोळ्यांपुढे तो शब्द आणावा, जोर आपोआप सापडतो.

पण सगळीकडे नाही, इथे जपावं लागतं. दूरध्वनीला पोर्तुगीजमध्ये जोर 'फो'वर, इटालियनमध्ये ते-[ले]-फो-नो. औषधाच्या दुकानाला पोर्तुगीजमध्ये 'मा'वर, इटालियनमध्ये फार्-मा-[ची]-आ. पोलिसांना पोर्तुगीजमध्ये 'ली'वर, इटालियनमध्ये पो-ली-[त्सी]-आ. आणि अकादमी नेमकी उलट: पोर्तुगीजमध्ये 'मी'वर, इटालियनमध्ये आक्-का-[दे]-म्या. मूळ एकच, दोन्ही भाषांनी जोर वेगवेगळ्या बाजूला नेला.

शब्दवेल्हाळ:
सालेलदादा, हे फार उपयोगाचं लिहिलंत. मूळ एकच म्हणालात त्यावरून लॅटिनकडे जाऊ या, कारण खरं कोडं तिथे सुटतं. लॅटिनचा नियम आपल्या लघु-गुरूइतकाच स्वच्छ होता: शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर तिसऱ्यावर. 'आमीकुस' मधला 'मी' दीर्घ, म्हणून जोर मी वर, आणि आज इटालियनमध्ये आ-[मी]-को. 'मेदिकुस' मधला 'दि' ऱ्हस्व, म्हणून जोर मागे, आणि आज [मे]-दी-को. पुढे इटालियनमध्ये स्वराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बुजला, पण जोर जागच्या जागी राहिला. म्हणूनच आज वरकरणी 'ईको'ने संपणारे दोन शब्द वेगवेगळे वागतात आणि शिकणाऱ्याला ते मनमानी वाटतं.

याचा व्यवहारी उपयोग असा. शेवटून दुसरा तुकडा बंद असेल, म्हणजे व्यंजनावर संपत असेल, तर डोळे झाकून जोर तिथे द्या: पा-[लेर्]-मो, सेत्-[तेम्]-ब्रे, ओ-[नेस्]-तो (हा उच्चारातला तुकडा). अपवाद मोजके, पण महत्त्वाचे: बदामाला [मान्]-दोर्-ला, आणि दक्षिणेकडची दोन शहरं, [ता]-रान्-तो आणि [ओ]-त्रान्-तो. दुसरा तुकडा उघडा असेल तरच खरी शंका उरते.

तिथे शब्दाची शेपटी मदत करते. 'इस्सिमो' नेहमी घसरणारा, बेल्-[लीस्]-सी-मो. 'आबिले', 'इबिले' तसेच, पोस्-[सी]-बी-ले. 'लोगो', 'ग्राफो', 'मेत्रो' यांच्याआधीच्या तुकड्यावर जोर: प्सी-[को]-लो-गो, फो-[तो]-ग्रा-फो, की-[लो]-मे-त्रो. 'त्स्योने' असेल तर 'त्स्यो'वर, 'मेन्ते' असेल तर 'मेन्'वर. दुकानांची 'रीआ' असेल तर 'री'वर: ली-ब्रे-[री]-आ, पीत्-त्से-[री]-आ. 'क्रात्सीआ' असेल तर 'त्सी'वर, दे-मो-क्रा-[त्सी]-आ. पण ई-[ता]-ल्या, [स्तो]-र्या इथे शेवटचे दोन स्वर एकाच तुकड्यात गेले, म्हणून 'ई'वर जोर नाही.

मेघना_रेज्जो:
मी इथे नागरिकत्वाच्या तयारीला लागले आहे. २०१८ पासून त्यासाठी बी १ पातळीचं भाषेचं प्रमाणपत्र लागतं, पेरूजा किंवा सिएनाच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठांच्या परीक्षा बरेच जण देतात. तोंडी भागात क्रियापदांचा जोर हाच आमच्या वर्गाचा दुखरा भाग आहे. 'ते बोलतात' याला सगळे पार्-[ला]-नो म्हणतात. खरं तर [पार्]-ला-नो. त्याला आमच्या बाईंनी दिलेला उपाय इतका सोपा आहे की इथे लिहितेच: आधी 'मी'चं रूप म्हणा, [पार्]-लो, आणि जोर जिथे आहे तिथेच ठेवून शेपटी बदला. [आ]-बी-तो, [आ]-बी-ता-नो. ते-[ले]-फो-नो, ते-[ले]-फो-ना-नो. 'आम्ही' आणि 'तुम्ही' मात्र जोर शेपटीकडे ओढून नेतात, पार्-[ल्या]-मो, पार्-[ला]-ते.

आणि एक तर कधीच विसरू नये. [पार्]-लो म्हणजे मी बोलतो, पार्-[लो] म्हणजे तो बोलला. इथे खूण लिहिलेली असते, पण बोलताना ती तोंडातच हवी.

प्रश्न असा, 'एरे'ने संपणाऱ्या मूळ क्रियापदांचं काय? काही [प्रेन्]-दे-रे सारखी, काही वे-[दे]-रे सारखी. शेपटी तर दोघांची एकच दिसते.

मिलिंद_पाविया:
मेघनाताई, तो जुना लॅटिन भेद आहे, तिथे ही दोन वेगळी कुळं होती. आज ती फक्त जोरावरून ओळखू येतात. घसरणारी संख्येने जास्त: [प्रेन्]-दे-रे, [लेज्]-जे-रे, [स्क्री]-वे-रे, [क्रे]-दे-रे. दुसऱ्या कुळातली रोजची पाठ करून टाका, थोडीच आहेत: वेदेरे, आवेरे, दोवेरे, पोतेरे, सापेरे, कादेरे, रिमानेरे. या सगळ्यांत जोर 'एरे'च्या पहिल्या 'ए'वर. इटालियन माणसंही इथे कधी अडखळतात. 'मन वळवणे' याचा प्रमाण उच्चार पेर्-स्वा-[दे]-रे आहे, पण पेर्-[स्वा]-दे-रे सर्रास ऐकू येतं. तसंच रू-[ब्री]-का, ए-[दी]-ले, सा-[लू]-ब्रे हे प्रमाण, आणि लोक जोर मागे ओढतात.

शंका आली तर इटलीच्या नभोवाणीने १९६९ मध्ये पहिल्यांदा काढलेला उच्चारकोश महाजालावर फुकट आहे, ध्वनिमुद्रणासह. फिरेंत्सेमधली आक्कादेमिया देल्ला क्रूस्का, १५८३ पासून चाललेली, लोकांच्या भाषेविषयीच्या प्रश्नांना उत्तरं देते, तिच्या संकेतस्थळावर जोराबद्दलचे जुने वाद वाचण्यासारखे आहेत.

स्वरांगी:
गाण्याकडून अजून एक. अनुजाताई, मुलगी पुढे कविता शिकेल तेव्हा हे लागेल. इटालियन कवितेची मुख्य ओळ अकरा सिल्लाबांची, तिला 'एन्देकासिल्लाबो' म्हणतात. दान्तेच्या महाकाव्याची पहिलीच ओळ घ्या: नेल-मेद्-द्झो-देल-काम्-मीन-दी-नो-स्त्रा-वी-ता. बरोबर अकरा. पण दुसरी ओळ शब्दाशब्दाने मोजलीत तर बारा भरतात: मी-री-त्रो-वाई-पेर-ऊ-ना-सेल्-वा-ओ-स्कू-रा. इथे 'सेल्वा'चा शेवटचा स्वर आणि 'ओस्कूरा'चा पहिला स्वर एका दमात, एकाच तुकड्यात म्हणायचे, त्याला 'सिनालेफे' म्हणतात, आणि मग अकरा होतात. गाताना तर हे सतत लागतं, एका सुरावर दोन शब्दांचे दोन स्वर, कुठलाही न गिळता.

आणखी बारकी गोष्ट: खरं मोजमाप अकराचं नाही, दहाव्यावरच्या जोराचं आहे. ओळ त्रोंका शब्दाने संपली तर दहाच तुकडे असतात, घसरणाऱ्या शब्दाने संपली तर बारा, तरी दोन्ही ओळी अकराच्याच मानतात. मोठ्या अभंगात आपण सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजतो, तिथे जोराचा प्रश्नच येत नाही. इटालियन छंदात जोर हा पाया आहे. मला हा फरक कळला तेव्हापासून गाण्यातला ठेका वेगळा ऐकू येतो.

सालेल_मडगाव:
स्वरांगी, दोन शब्द जोडण्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो. रोमच्या मित्राच्या तोंडून 'आ कासा' (घरी) हे 'आक्कासा' असं येतं. मिलानोच्या माणसाकडून तसं ऐकलं नाही.

शब्दवेल्हाळ:
ते बरोबर टिपलंत. मध्य आणि दक्षिण इटलीत त्रोंका शब्दानंतर आणि 'आ', 'ए', 'दा' अशा काही छोट्या शब्दांनंतर पुढचं व्यंजन दुप्पट होतं. उत्तरेकडे साधारणपणे नाही. लेखनात ते दिसत नाही, पण जिथे दोन शब्द कायमचे जोडले गेले तिथे दिसतं: 'दा' आणि 'वेरो' मिळून दाव्वेरो, 'सोप्रा' आणि 'तुत्तो' मिळून सोप्रात्तुत्तो. आणि एकदा द्वित्त लिहिलं की तोडतानाही ते फुटणार, दाव्-[वे]-रो.

आपल्या लोकांना द्वित्त जमतं, हे मला नेहमी जाणवतं. 'पता' आणि 'पत्ता' हा भेद लहानपणापासून जिभेवर आहे. पाला (फावडं) आणि पाल्ला (चेंडू), कॉप्या (प्रत) आणि कॉप्प्या (जोडपं), फातो (नशीब) आणि फात्तो (केलेलं) हे मराठी माणूस पहिल्या दिवशी ऐकतो आणि म्हणतो. त्याचा फायदा घ्या. फक्त एकेरी व्यंजनाआधीचा, जोर असलेला स्वर लांबवायला विसरू नका, पाऽला. तो लांबवला नाही तर ऐकणाऱ्याला अर्धवट पाल्ला ऐकू येतो.

अनुजा_तोरिनो:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'या तुकड्याने सुरू होणारा शब्द आहे का' हा खेळ काल रात्री केला. 'स्तेल्ला' तर तिला आलाच, शिवाय 'स्पात्त्सोलीनो' म्हणजे दात घासायचा ब्रश तिने स्वतः शोधला आणि 'स्प' फोडायचा नाही असं मलाच बजावलं. 'म्मा'ने सुरू होणारा शब्द शोधत बराच वेळ बसली आणि "नाहीच आहे" म्हणाली.

आता पुढच्या पानावर स्वरांची गर्दी आहे: चाओ, त्सीओ (काका), पाऊरा (भीती), माएस्त्रा, क्वोरे (हृदय), लेओने, आयुओला (फुलांचा वाफा), आएरेओ (विमान). यातलं कुठे तोडायचं?

शब्दवेल्हाळ:
इथे एकच विचारायचं: ई किंवा ऊ या स्वरावर जोर आहे का? जोर नसेल आणि शेजारी दुसरा स्वर असेल तर ते दोघं बहुतेक वेळा एकत्र राहतात: [क्वो]-रे, [प्या]-नो, [फ्यो]-रे. ई किंवा ऊवरच जोर असेल तर ते वेगळे होतात: [त्सी]-ओ, पा-[ऊ]-रा, मा-[री]-आ. आणि आ, ए, ओ हे तिघं एकमेकांशेजारी आले तर नेहमीच वेगळे: मा-[ए]-स्त्रा, ले-[ओ]-ने, पो-[ए]-ता. म्हणून आ-[ए]-रे-ओ मध्ये तब्बल चार टाळ्या वाजतात.

'चाओ'मधली लिहिलेली 'आय' उच्चारलीच जात नाही, ती फक्त 'सी'चा 'च' करायला आहे, तेव्हा सगळा शब्द एकच टाळी. 'जोवान्नी'मध्येही तसंच, जो-[वान्]-नी. पण 'लूचीआ' या नावात जोर त्याच 'ई'वर आहे, म्हणून लू-[ची]-आ, तीन.

'आयुओला'त तीन स्वर एका टाळीत येतात, आ-[युओ]-ला. हा शब्द वहीत ओळीच्या शेवटी आला तर मात्र नुसता 'आ' एकटा मागे ठेवू नये, आयुओ-ला असा तोडावा. आणि पुढे 'बान्यो', 'फील्यो', 'पेश्शे' असे शब्द येतील. त्यात लिहिलेली जी-एन, जी-एल, एस-सी ही अक्षरं मिळून एकच ध्वनी होतो, ती कधीच फोडायची नाहीत: [बा]-न्यो, [फी]-ल्यो, [पे]-शे. ऐकायला तिथेही द्वित्तासारखा जोर येतो, त्यामुळे मुलगी ते फोडायला बघेल. तेव्हा तिला सांगा की हे दोन अक्षरांनी लिहिलेलं एकच व्यंजन आहे, आपल्या 'ख'ला इंग्रजीत दोन अक्षरं लागतात तसं.

मेघना_रेज्जो:
जाता जाता 'काफ्फे' आणि 'पेर्के' यांच्या शेवटच्या 'ए'वरच्या खुणांबद्दल. 'काफ्फे'वरची खूण डावीकडून उजवीकडे उतरते, तो उघडा 'ए', मराठीत 'बॅट'च्या दिशेने झुकणारा. 'पेर्के'वरची उजवीकडे चढते, तो मिटलेला 'ए'. हाताने लिहिताना बरेच जण दोन्हीकडे एकच आडवी रेघ मारतात, पण परीक्षेत टंकलेखन असेल तर कळ नीट निवडावी लागते. आणि 'क्वी', 'क्वा' (इथे) यांच्यावर खूण नाही. त्यासाठी इटालियन मुलं शाळेत म्हणतात ते यमक अनुजाताईंच्या लेकीला आवडेल: सू क्वी ए सू क्वा, लाच्चेन्तो नोन् वा.